न वाकणाऱ्या माणसाचा सत्कार

तिरुभुवनमच्या विणकरांनी आमच्या ह्यांचा सत्कार करायचं ठरवलं, तेव्हा आमंत्रणपत्रिकेवर तमिळमध्ये छापलं होतं, 'कुणापुढंही न वाकलेल्या माणसाला'. वाचायला मोठं भारदस्त वाटत होतं. हे ती पत्रिका हातात घेऊन झोपाळ्यावर बसले ते बसूनच राहिले. झोपाळा हलेना, माणूस हलेना. मी स्वयंपाकघरातून हाका मारून दमले. शेवटी बाहेर येऊन बघते तर पत्रिका मांडीवर उपडी, आणि हे समोरच्या भिंतीकडं बघत बसलेले.

कारण खरी गोष्ट अशी, की हे वाकले होते. नुसते वाकले नव्हते, पक्षाच्या मोठ्या साहेबांच्या पायांपुढं फरशीवर चक्क आडवे पडले होते, साष्टांग. गावात ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती: ह्यांना, पक्षाच्या आमच्या गावातल्या सेक्रेटरीला आणि मला. मोठ्या साहेबांना मी धरत नाही. त्यांच्यापुढं दिवसभर माणसं पडत असतात, त्यात आमचं ध्यान त्यांच्या काय लक्षात राहणार!

आता ह्या खोट्या कौतुकाची शाल हे अंगावर घेणार, की भर सभेत तोंड उघडून स्वतःची अब्रू घालवणार, एवढाच प्रश्न होता. मला म्हणाल तर त्यांनी शाल घ्यावी, धन्यवाद म्हणावं आणि गुपचूप घरी यावं. मी तसं स्पष्ट सांगितलंही. "कोण बघायला आलं होतं? लोक प्रेमानं देतायत तर घ्या आणि मोकळे व्हा." ह्यांनी 'हं' केलं. ह्या माणसाच्या 'हं'चा अर्थ हो असा धरायचा नाही, हे लग्नानंतर मला फार उशिरा कळलं.

थोडं मागचं सांगते. नाहीतर तुम्हाला वाटायचं, माझा नवरा ढोंगी आहे. अहो, ढोंगी असता तर माझं आयुष्य किती सोपं गेलं असतं!

आमचे पूर्वज म्हणे मराठी राजांच्या बरोबर तलवारी घेऊन ह्या मुलखात आले. आले असतील. मी लग्न होऊन कुंभकोणमच्या घरात आले, तेव्हा विळी सोडली तर धारेचं काहीच शिल्लक नव्हतं. सासरे शाळामास्तर, त्यांचे वडील कचेरीत कारकून, त्यांच्या आधीचे देवळात पुराण सांगणारे. अशा घरातला मुलगा अठराव्या वर्षी, तंजावरला लष्कराची भरती आहे असं ऐकून सायकल हाणत गेला आणि तोफखान्यात नाव घालून परत आला. घरात रडारड झाली. सासरे तेवढे शांत होते. त्यांनी एकच विचारलं, "तुला तिथं आंबट वरण कोण करून घालणार?"

शिपाई म्हणून लागले आणि सुभेदार होऊन बाहेर पडले. मधली काही वर्षं मी त्यांच्याबरोबर देवळालीच्या छावणीत काढली. आमचं मराठी ऐकून तिथल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. आमची भाषा फार जुनी, वर तमिळ वळणाची. त्या शेजारणींनीच माझं बोलणं घासूनपुसून घेतलं, म्हणून आज हे लिहिलेलं तुम्हाला कळतंय. घरात मात्र आम्ही दोघं अजून आमचंच जुनं बोलतो, आणि दार उघडलं की तमिळ.

मग ह्यांची बदली वर उत्तरेला, डोंगरात. मी इथं सासूसासऱ्यांपाशी. तिथं एका चढावर तोफ ओढून नेताना चाक घसरलं आणि ह्यांचा उजवा गुडघा चेंगरला. शत्रू नाही, गोळी नाही, आपलीच तोफ. इथले लोक ह्यांना मानानं 'अय्या' म्हणतात. अजून विचारतात, "अय्या, गुडघ्यात गोळी लागली होती ना?" हे खरं काय ते सांगतात आणि समोरचा हिरमुसतो. मी कितीदा म्हटलं, अहो, म्हणा की गोळी, तुमचं काय जातं! पण नाही. तोफेचं चाक म्हणजे चाक.

निवृत्त होऊन घरी आले तेव्हा मी मनात म्हटलं, सुटले गं बाई. आता दोघं मिळून नाचियार्कोविलला दर्शनाला जाऊ, दुपारी पंखा लावून झोपू, संध्याकाळी भांडू. कसलं काय! आमच्या गल्लीतलं गटार तुंबलं होतं. हे रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून नगरपालिकेत जायचे आणि साहेबांच्या खोलीबाहेर सावधानमध्ये उभे राहायचे. बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत. ओरडणं नाही, तक्रार नाही, नुसतं उभं राहणं. त्या साहेबाला बिचाऱ्याला जेवण गोड लागेना. आमचं गटार साफ झालं, मग शेजारच्या गल्लीतली माणसं आमच्या दारात आली. त्यांच्यासाठीही हे जाऊन उभे राहिले. असे उभे राहता राहता नगरसेवक झाले.

आमदारकी मिळाली ती दुसऱ्यांच्या भांडणामुळं. पक्षातली दोन बडी धेंडं तिकिटावरून एकमेकांच्या जिवावर उठली होती. तिसरा कुणीतरी हवा होता, ज्याच्याबद्दल दोघांनाही काहीच वाटत नाही. तो हे निघाले.

आमच्या मुलखात तिकीट मागायला गेलेला माणूस नेत्यापुढं आडवा पडतो. ही रीतच आहे. पडणाऱ्याला त्यात लाज वाटत नाही, न पडणाऱ्याकडंच लोक चमकून बघतात. ह्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. जन्म छावणीत गेला, कळणार कुठून? चेन्नईला पक्षाच्या कचेरीत ह्यांची पाळी आली, हे आत गेले, टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट ठोकला. सेक्रेटरी सांगतो, हॉलमध्ये अशी शांतता पसरली की त्याच्या काळजाचं पाणी झालं. मग मोठे साहेब हसले, सगळे हसले, आणि कुणीतरी फोटो काढला. तो फोटो पेपरात आला. 'पायावर न पडता तिकीट आणणारा मिलिटरी अय्या' असं ह्यांचं नाव झालं. निवडणूक त्या फोटोनंच जिंकली म्हणा ना!

आमदार म्हणून ह्यांनी काय केलं ते मी सांगितलं तर बायको कौतुक करते असं होईल. पण मी कौतुक कमी आणि कटकट जास्त केली आहे, तेव्हा थोडं सांगायला हरकत नाही. सकाळी उजाडायच्या आत दारात माणसं. हे त्यांना रांगेत उभं करायचे. वशिला घेऊन येणाराही रांगेत, आणि एकदा माझा सख्खा भाऊ आला तर तोही रांगेत. तो अजून माझ्यावर रागावलेला आहे. प्रत्येकाला उत्तर ठरलेलं: होईल, नाहीतर होणार नाही. 'बघू' हा शब्द ह्यांच्याकडं नव्हता. लोकांना सुरुवातीला तोंडावर 'नाही' ऐकून राग यायचा. पुढं पुढं तेच लोक म्हणू लागले, की ह्या घरात निदान हेलपाटे पडत नाहीत. आणि कुणी पायाशी वाकायला लागला, की हे पुढं होऊन त्याला दंडाला धरून सरळ उभं करायचे. म्हाताऱ्या बायका सुद्धा सुटल्या नाहीत. एकीनं मला विचारलं, "अम्मा, अय्यांच्या पायांना काही झालंय का?"

तिरुभुवनमला विणकरांची घरं आहेत. त्यांचे माग जमिनीत खड्डा करून बसवलेले असतात, विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो. पाऊस जोराचा झाला की रस्त्याचं पाणी घरात, घरातलं खड्ड्यात, आणि चढवलेल्या रेशमाचा सत्यानाश. वर्षानुवर्षं हेच चाललेलं. ह्यांनी त्या गल्ल्यांतून नाला खणून घेतला. कंत्राटदार काम करतोय की नाही हे बघायला रोज जाऊन काठावर उभे. त्या पावसाळ्यात पाणी घरात आलं नाही. सत्कार त्या लोकांनी ठरवला तो का, हे आता तुम्हाला कळलं असेल.

पण ह्यांचा जीव अडकला होता पुलात. नाचियार्कोविलच्या वाटेवर नदीपलीकडं एक गाव आहे. नदीला पाणी नसलं की गावची पोरं वाळूतून चालत शाळेत येतात, आणि पाणी सुटलं की लांबचा वळसा घालून बसनं. ह्यांनी तिथं पायी जायचा पूल मंजूर करून आणला. खांब उभे राहिले, आणि काम थांबलं. कंत्राटदार पळाला, दुसरा नेमायचा तर सरकारी कागद हलेना, आणि मुदत संपत आली. नदीत नुसते खांब उभे. हे तिथं जाऊन त्या खांबांकडं बघत राहायचे. "पुन्हा निवडून आलो तर सहा महिन्यांत होईल," म्हणायचे. "दुसरा कुणी आला तर माझं काम म्हणून हात लावणार नाही."

मला ती आमदारकी परत नकोच होती. सरळ सांगते. मला माझा नवरा घरात हवा होता. आधी लष्करानं नेला, मग लोकांनी नेला, माझ्या वाट्याला आला तो कपडे धुवायला आणि भूक लागली की. तिकीट मिळू नये म्हणून मी तिरुक्करुगावूरच्या देवीला नवस बोलायला निघाले होते, पण ती देवी बाळंतिणींची, तिच्यापुढं हे काय मागणार म्हणून गप्प बसले.

त्याच दिवसांत सेक्रेटरी घरी आला. माणूस वाईट नाही, तोंडानं गोड, पोटानं मोठा. म्हणाला, "अय्या, मागच्या वेळी चाललं. ह्या वेळी सॅल्यूट चालणार नाही. साहेबांच्या आजूबाजूच्या लोकांनी मनात धरलंय. पडायला लागेल. अवघड काही नाही, मी दाखवतो." आणि तो भला माणूस आमच्या दिवाणखान्यात आडवा पडून दाखवायला लागला! आधी हात टेकायचे, मग छाती, मग कपाळ. मी हातात झारा घेऊन दारात उभी होते. म्हटलं, "उठा आधी. माझ्या घरात हे चालायचं नाही. ह्यांनी देव आणि आईबाप सोडून कुणापुढं डोकं टेकलेलं नाही, आणि आता ह्या वयात टेकणार नाहीत." सेक्रेटरी धूळ झटकत उठला. हे काहीच बोलले नाहीत. मी समजले, विषय संपला.

मुलाखतीला मीही चेन्नईला गेले, नात्यातल्या एका लग्नाचं निमित्त होतं. हे सेक्रेटरीबरोबर कचेरीत गेले, मी लग्नघरी. दुसऱ्या दिवशी दिवसाच्या गाडीनं आम्ही दोघं परत निघालो. विळुपुरम् मागं पडलं, मी डबा उघडला, दहीभात वाढला. ह्यांनी घास हातात घेतला आणि म्हणाले, "मी काल साहेबांपुढं लोटांगण घातलं."

समोरच्या बाकावर माणसं होती, पण आमची भाषा त्यांना कळत नव्हती. आमच्या भाषेचा असा उपयोग मला पहिल्यांदाच झाला, आणि तो भांडायला.

"तुम्ही? तुम्ही लोटांगण घातलंत?"

"हो."

"कशासाठी? त्या खुर्चीसाठी?"

"पुलासाठी." मग घास तसाच हातात धरून म्हणाले, "अगं, देशासाठी मी चिखलातून पोटावर सरपटलोय. रात्रंदिवस सरपटलोय. तेव्हा तुला अभिमान वाटायचा. त्या फरशीवर तर चिखलही नव्हता."

मी डबा बंद केला. डोळ्यांत पाणी आलं ते राग म्हणून आलं की कीव म्हणून, मला अजून सांगता येत नाही. सगळ्यांना दंडाला धरून उभं करणारा माझा माणूस, आणि तो पडला. मी नंतर एवढंच म्हटलं, "कुणाला सांगू नका." ते खिडकीबाहेर बघत होते.

आणि एवढं करून तिकीट मिळालंच नाही! यादी आली, तिच्यात ह्यांचं नाव नव्हतं. एका व्यापाऱ्याला दिलं, आणि तो साहेबांपुढं पडलाही आणि निवडणुकीत हरलाही. इकडं गावात एका दिवसात सगळ्यांनी ठरवून टाकलं, की मिलिटरी अय्या ह्या वेळीही वाकले नाहीत, म्हणून त्यांचं तिकीट कापलं. मागचा सॅल्यूटचा फोटो पुन्हा निघाला. चौकात मोठा फलक लागला. भाजीवाली मला कोथिंबीर जास्त घालायला लागली. वाटेत माणसं ह्यांना थांबवून हात जोडायची, "अय्या, माणूस असावा तर असा." हे म्हणायचे, "तसं नाही हो." लोकांना वाटायचं, काय विनय आहे! जितकं नाही म्हणावं तितके लोक खूश.

ह्यांनी मग बाहेर जाणंच कमी केलं. चौक टाळून मागच्या गल्लीनं जायचे. जेवण तुटलं. जो माणूस बर्फात तंबूत घोरत होता, तो घरच्या गादीवर तळमळायला लागला. मी घाबरले. मला नवरा घरात हवा होता, मिळाला, पण असा! सेक्रेटरीला बोलावून घेतलं, म्हटलं काहीतरी समजूत घाला. तो म्हणाला, "अय्या, मी काही बघितलंच नाही. मला विचाराल तर तुम्ही सॅल्यूटच केलात." तो गेल्यावर हे म्हणाले, "बघ, आता माझ्यासाठी दुसरा माणूस खोटं बोलायला लागला."

पूल? झाला की! नवा आमदार दुसऱ्या पक्षाचा. त्यानं आल्या आल्या उरलेलं काम पुरं केलं आणि स्वतःच्या नावाची हातभर पाटी लावली. आम्ही बघायला गेलो. पोरं दप्तरं उडवत पुलावरून धावत होती. ह्यांनी कठडा हलवून बघितला, पक्का होता. मी म्हटलं, "म्हणजे तुमचं पडणं फुकट गेलं." ते म्हणाले, "फुकट गेलं, बरंच झालं." त्या दिवशी जरा पोटभर जेवले. मला वाटलं, आता निवळेल. आणि तेवढ्यात ती पत्रिका आली.

सत्काराच्या दिवशी ह्यांनी स्वतः शर्टाला इस्त्री केली. बसमध्ये मी खिडकीशी, हे शेजारी. मी म्हटलं, "काय बोलणार आहात?" "ठरलं नाही." "हे बघा, शाल घ्यायची, नमस्कार करायचा, बसायचं. माझी शपथ आहे." ह्यांनी पुन्हा 'हं' केलं.

विणकर सोसायटीच्या हॉलमध्ये माणसं मावत नव्हती. केळीचे खांब, मोगऱ्याच्या माळा, आणि व्यासपीठाच्या मागं भिंतभर तोच सॅल्यूटचा फोटो. नदीपलीकडच्या गावच्या बायकाही खास आल्या होत्या, पुलावरून चालत आलो म्हणून मिरवत होत्या. एकामागून एक भाषणं झाली. ताठ कणा, स्वाभिमान, तिकिटावर लाथ, काय काय म्हणून राहिलं नाही. हे खुर्चीत असे बसले होते की मला वाटलं, उठून त्यांना घरी घेऊन जावं. शेवटी सोसायटीचे म्हातारे अध्यक्ष उठले. स्वतः विणकर, नव्वदीला टेकलेले. हातात खरी रेशमी शाल, काठात ह्यांचं नाव विणलेलं. सभेतल्या त्या चकचकीत स्वस्त शाली असतात तसली नव्हे. ती उलगडून ते ह्यांच्या खांद्यावर घालणार, तेवढ्यात ह्यांनी त्यांचा हात धरला.

"आधी माझं ऐकून घ्या. मग घालायची की नाही ते ठरवा."

मी डोळे मिटून घेतले. मेले, म्हटलं.

हे माईकपाशी गेले. भाषण असं केलंच नाही, वरिष्ठाला माहिती देतात तसं सांगितलं. "मी वाकलो नाही म्हणून तुम्ही मला बोलावलंत. मी वाकलो. ह्या वेळी तिकीट मागायला गेलो तेव्हा साहेबांपुढं जमिनीवर आडवा पडलो. पुलाचं काम राहिलं होतं म्हणून पडलो. तरी तिकीट मिळालं नाही. मागच्या वेळचा हा फोटो खरा आहे, पण तेव्हा मला इथली रीत माहीत नव्हती. एवढंच." आणि सावधानमध्ये उभे राहिले.

बाहेर कुणाच्या तरी घरात माग चालू होता, त्याचा आवाज तेवढा येत होता. कुणी खाकरेना सुद्धा. मी मनात म्हटलं, आता ह्या लोकांनी शिव्या घातल्या तर मी व्यासपीठावर चढून एकेकाला बघून घेईन. खरंच उठले होते मी अर्धी.

म्हाताऱ्या अध्यक्षांनी शाल काखेत घेतली आणि ह्यांच्या जवळ जाऊन विचारलं, "पूर्ण आडवे पडलात, की नुसतेच वाकलात?"

"पूर्ण."

"ह्या गुडघ्यानिशी?"

"हो."

"मग उठलात कसे?"

ह्यांचे कान लाल झालेले मला खालून दिसत होते. शेवटी म्हणाले, "उठता आलं नाही. सेक्रेटरीनं आणि दारावरच्या पहारेकऱ्यानं काखेत हात घालून उठवलं."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं कुणी. मग ते हसू सगळ्या हॉलभर असं पसरलं, की अध्यक्ष माईकच्या दांड्याला धरून हसायला लागले. आणि हसता हसता नदीपलीकडच्या गावची एक आडदांड बाई उठून उभी राहिली आणि ह्यांच्यावर खेकसली, "अय्या, ह्या वयात पडायचं कशाला? आम्हाला विचारायचं तरी! आम्ही वळसा घालून गेलो असतो की अजून चार वर्षं! पाय मोडला असता म्हणजे?" घरच्या पोराला झापावं तशी झापत होती. सगळ्या बायका 'नाहीतर काय' म्हणत माना हलवत होत्या. हे हात जोडून उभे, आणि तोंडावर हसू. कितीतरी महिन्यांनी मी ह्यांना हसताना बघितलं. माझा जीव भांड्यात पडला.

अध्यक्ष म्हणाले, "शालीत तुमचं नाव विणलंय. दुसऱ्या कुणाला देऊन काय करू? मुकाट्यानं घ्या." आणि घातली खांद्यावर. टाळ्या वाजल्या. चांगल्या मोठ्या वाजल्या. मी तर बोटं दुखेपर्यंत वाजवल्या. जेवणात केळीच्या पानावर ह्यांनी पायसम् मागून घेतलं.

परतताना बसमध्ये गर्दी नव्हती. शाल घडी करून माझ्या मांडीवर. हे खिडकीशी बसले होते, वारा खात. मला राग आलाच होता थोडा, तो मी सोडते होय! म्हटलं, "माझी शपथ घातली होती. तरी बोललात. नसतं सांगितलं तर काय अडलं होतं? ह्यातल्या एकालाही कधी कळलं नसतं."

"ह्या लोकांचं काय," ते म्हणाले, "हे चार दिवसांनी विसरतील."

"मग?"

ते आमच्या भाषेत, हळू आवाजात म्हणाले, "गाडीत तुला सांगितलं त्या दिवसापासून तू सकाळी कॉफी द्यायला येतेस तेव्हा माझ्या तोंडाकडं बघत नाहीस. गुडघ्याकडं बघतेस."

मी म्हणायला तोंड उघडलं, की छे, काहीतरीच. आणि लक्षात आलं, की हो, बघत होते. कुंभकोणम येईपर्यंत मी त्यांचा हात धरून ठेवला, आणि उतरायच्या वेळी त्यांच्या तोंडाकडं नीट बघून म्हटलं, "चला, उतरा."